शाळेच्या दिवशी न घेतलेली गोळी

माझी साखर एका गोळीला दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी दुसरी जोडून दिली. ही साखर लघवीवाटे बाहेर काढते, पाणी भरपूर प्या, असं त्या म्हणाल्या. मी अरेरा कॉलनीतल्या एका शाळेत गणित शिकवते. सकाळचे सलग तीन तास दुसऱ्या मजल्यावर, आणि शिक्षिकांचं बाथरूम तळमजल्यावर.

पहिला आठवडा मी फळ्यासमोर चुळबुळत काढला. पुढच्या बाकावरच्या मुलींना कळतंय असं वाटायचं. एकदा गणित अर्धं टाकून जिना उतरले. परत येते तो वर्गात गोंधळ आणि दारात प्राचार्य.

"कहाँ थीं, मैडम?"

"ऑफिस में," मी खोटंच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा असली की मी ती गोळी घेईनाशी झाले. नवऱ्याला शंका येऊ नये म्हणून गोळ्यांच्या पाकिटातून काढून पर्समध्ये टाकायची. रविवारी मात्र नेमाने घ्यायची. घरी आल्यावर बोट टोचून साखर बघायची, आकडा आवडला नाही की दुसरं बोट टोचायची.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा जागचा हलला नव्हता.

"दोनों दवाइयाँ रोज़ ले रही हैं?" डॉक्टरांनी विचारलं.

नवरा शेजारीच बसला होता. मी "जी" म्हटलं. त्यांनी तिसरी गोळी लिहिली आणि एवढ्यानेही भागलं नाही तर इन्सुलिन सुरू करू म्हणाल्या.

जवाहर चौकातल्या औषधांच्या दुकानात नवरा रांगेत उभा राहिला. मला एका जागी उभं राहवेना. फळवाल्यापर्यंत गेले, काही न घेता परत आले, पुन्हा गेले. मी खोटं बोलले म्हणून एक गोळी वाढली होती आणि तो ती घ्यायला निघाला होता. शेवटी त्याच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली.

"दुसरी गोळी मी फक्त रविवारी घेते," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

तो रांगेतून बाहेर आला. मग स्कूटरची किल्ली काढत म्हणाला, "चल, परत जाऊ."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, जिन्यासकट. रागावल्या नाहीत. तिसरी गोळी खोडली. "पहले ये दो ठीक से लीजिए. नहीं जमी तो बदल देंगे." गोळी बदलून मिळते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी प्राचार्यांसमोर उभी राहिले आणि गोळीचं, जिन्याचं सगळं सांगितलं. बोलताना माझे कान तापले होते. त्यांनी मान वर न करता वेळापत्रक ओढलं आणि माझे तास तळमजल्यावर आणले. सगळं दोन मिनिटांत उरकलं.

पुढच्या रिपोर्टात आकडा उतरला, पण डॉक्टरांना हवा तेवढा नाही. काही महिन्यांनी तिसरी गोळी लागलीच. ती मी घेते. रिपोर्ट यायचा असला की अजून मला एका जागी बसवत नाही. धुतलेले डबे पुन्हा धुवायला काढते, आणि नवरा विचारतो, "आज तिन्ही घेतल्यास ना?"