लिंपलेली कणगी

अमरावतीत आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. त्यांच्या ज्वारीला कधी दाणा पोखरणारा सोंडा लागला नाही. आलाच तर दारातूनच हात जोडून परत जाई. वैशाखात त्या ज्वारीला असं ऊन दाखवत, की दाणा घामानं निथळे. मग ती निववून तिला गोवरीची राख चोळत, थराथरात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालत आणि कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकत. पावसाळ्यापुरती ज्वारी तेवढी मडक्यात काढून ठेवत.

"पावसात तोंड फोडलं का ओल शिरते, किडा पडते. समजलं काय?" हे त्या दिवसातून शंभरदा मला ऐकवत. मी नसलो तर भिंतीला.

त्या साली कापसाला असा भाव आला, की लोकांनी तुळशीभोवतीही सरकी पेरली. ज्वारी नुसती बघायलाही मिळेना. श्रावणात पलीकडच्या आळीतली एक बाई तान्हं कडेवर घेऊन आली.

"मावशी, दूध आटलं माह्यं. आंबिलीपुरती दोन मुठी ज्वारी द्या."

"आता कणगी कशी फोडू वं? दसऱ्याले ये."

मडक्याचं नाव त्यांनी काढलं नाही. पण कुणाला रिकाम्या हातानं धाडणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी टोपलीभर कडुनिंबाचा पाला तिच्या पदरात ओतला. "ज्वारी आणशील तवा घाल. सोंड्याची छाती होनार नाई."

बाईनं पदराकडे पाहिलं. "मावशी, हा शिजवून खाल्ला तं चालते काय?"

शेजारीणबाईंनी खरोखरच विचार केला.

"नाई वं," त्या म्हणाल्या, "लय कडू लागते."