ओसाकातला पहिला दिवस आणि माझे धपाटे

मंडळी, आज सकाळी ओसाकात उतरलो. विमान, रेल्वे, मग दिवसभर पायपीट. पायाचे तुकडे पडायलेत.

मन्मथ माझा सोनपेठचा बालमित्र, इथं नोकरीला हाय. आमी दोघंबी लिंगायत, अंड्यालासुद्धा हात लावत न्हाई. म्हणून बायकोनं डबाभर धपाटे दिले होते. मन्मथ म्हणला, "डबा खोलीवर ठेव. इथं शाकाहारी लय भारी मिळतंय."

मग एका खानावळीत नेऊन त्यानं माझ्यासाठी गरम रश्श्यातल्या जाड शेवया मागवल्या. स्वतः काहीच घेतलं न्हाई. "भूक न्हाई," म्हणला. मी वाटीला तोंड लावून रस्सा प्यालो, वरून अजून मागितला.

खोलीवर येऊन आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर हा माझा डबा मांडीवर घेऊन शेवटचा धपाटा खायलाय!

"भूक नव्हती ना?"

मान खाली घालून म्हणला, "तसं न्हाई रे. इथं रश्श्यात वाळल्या माशाचं पाणी असतंय. मला चालत न्हाई."

आन मला चालतंय व्हय?

आता हळूच विचारायलाय, "वहिनीनं संगं चटणी न्हाई का दिली?"

कारळाची चटणी माझ्या बॅगेत हाय, कुलूप लावून. तुमीच सांगा मंडळी, काढू का?