तिसऱ्या डिस्कची जागा

चार-चार टीबीच्या तीन डिस्क सदर बाजारातून आणल्या, घरचे फोटो-व्हिडिओ साठवायच्या डब्यात बसवल्या आणि कम्प्युटरवर जागा दिसली जेमतेम आठ टीबी. बायकोनं लगेच विचारलं, बारा आणले तर चार गेले कुठे? दुकानदारानं चुना लावला, असंच तिचं ठाम मत.

मला मात्र भलताच चाळा लागला. वाचता वाचता कळलं, की एका डिस्कभर जागा आपल्यासाठी नसतेच. तिथे फोटोंची नक्कलही नसते. पाच अधिक सात बारा. सात पुसले गेले, तरी बारातून पाच काढले की सात हाती लागतात ना? तसलाच हिशेब तिन्ही डिस्कवर थोडा थोडा लिहिलेला असतो. कोणतीही एक मेली, तर उरलेल्या दोघींवरून तिचं सगळं परत काढता येतं. काय डोकं चालवलंय लोकांनी!

बायकोला हे काही पटेना. मागच्या वर्षी गेलेल्या तिच्या आईचे व्हिडिओ कम्प्युटरवरून हलवलेले, आता फक्त त्या डब्यात होते. ज्या फोनमधून काढले, तो कधीच बंद पडला होता.

"मग एक काढून दाखवा," ती म्हणाली.

माझे हात शिवशिवतच होते. काढली. डबा केकाटायला लागला, पण पचमढीचे फोटो झरझर उघडले. मी खूश. डिस्क परत खोचली, तर स्क्रीनवर आलं, की ती आता पहिल्यापासून भरावी लागेल, सकाळ उजाडेल. तोवर दुसरी एखादी गेली, तर सगळंच गेलं. घ्या! हे मी वाचलंच नव्हतं.

मे महिन्याची दुपार, डब्याला हात लावावा तर चटका. बायकोनं कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं. आम्ही दोघं घामानं निथळत बसलो. मला खरंच भीती वाटत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती फक्त किती झालं एवढंच विचारायची.

सकाळी भरणं संपलं. तिनं पहिलाच व्हिडिओ लावला. आई ओट्याशी उभी, पोरीनं मोबाइल धरलेला पाहून विचारते, "काय करून राहिली वं?"

तेव्हा बायको नुसती हसली होती, ते हसू व्हिडिओत ऐकू येतं. या वेळी तिनं उत्तर दिलं.

"काही नाही आई. तुलेच पाहून राहिली."