बोट रवाना

पुरात मदतीचे निरोप कसे फिरतात, याच्या अभ्यासासाठी मी ठाण्यातल्या एका मदतकेंद्रात जाते. तिथे फोन घेणारे एक काका आहेत. कुणी "माणसं पाठवली" म्हटलं, की ते हळूच विचारतात, "पाठवली, की पाठवायला सांगितलंय?"

एका पुरात स्क्रीनवर ‘बोट रवाना’ आलं. काकांनी खाडीकाठच्या चाळीतल्या बाईंना तसं कळवलं. "मग शेजारच्या माडीवर जात नाही, इथेच थांबते," बाई म्हणाल्या. बोट गोदामातच होती. हुकूम सुटला, की ‘रवाना’ टाकायची पद्धत. बाईंचा पुन्हा फोन आला नाही. 

काल संध्याकाळी केंद्रात काकांना घरून काकूंचा फोन आला, "निघालात का?"

"नाही. चपला घालतोय."

आम्ही फाटकाबाहेर पडलो, तेव्हा काकांनी थांबून घरी फोन लावला. "आता निघालो."