साळवे सरांची हजेरी

साळवे सरांची आणि माझी पहिली भेट इनामगावजवळ घोड नदीच्या काठी झाली. मी शिरूरहून नवा कॅमेरा घेऊन गेलो होतो. पत्नी सुनंदा सोबत होती. ट्रायपॉडच्या पायांची खालची बारीक कांडी मी आधी ओढून काढली आणि कॅमेरा वाऱ्याने हलू लागला. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "पाव्हणं, वरची जाड कांडी आधी काढायची असत्यात. बारकी लागली तरच."

"तुम्हीच सांगा, माझं ऐकत न्हाईत," सुनंदा म्हणाली.

सर दौंडला रेल्वेतून निवृत्त झाले. तेव्हापासून दर रविवारी ते आम्हा आठ-दहा जणांना निसर्गचित्रण शिकवतात. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवायचा आणि नुसते चालायचे, हा त्यांचा नियम. "आभाळ जळू द्यायचं न्हाई, पार पांढरंफटक पडू द्यायचं न्हाई," ते सांगतात. "सावलीत काय तरी शिल्लक असतं. जळालं तिथं कायबी न्हाई."

ऊन वर आले की सर चहाच्या टपरीवर लॅपटॉप उघडतात आणि म्हणतात, "चला, हजेरी." मग प्रत्येकाने आपल्या कॅमेऱ्यातले कार्ड द्यायचे. त्यातल्या सगळ्या मूळ फाइली ते आमच्या नावाने आपल्या डिस्कवर उतरवून घेतात. आम्ही घरी संगणकावर केलेले काम पुढच्या रविवारी मूळ फोटोशेजारी ठेवूनच ते बोलतात.

मी कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे. सर मला क्वालिटीवाले म्हणतात. दिसला दोष की काढायचा, ही माझी सवय फोटोतही आली. विजेची तार, म्हैस, माणूस, सगळे मी पुसून टाकायचो आणि काम झाले की मूळ फाइल उडवायचो.

"क्वालिटीवाले, नदी धुऊन आणलीत का?" सरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारले. "हितं माणूस ऱ्हातंय का न्हाई?" सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या वर्षी सुनंदा अचानक गेली. हृदयविकार होता. भिंतीवर लावायला तिचा अलीकडचा फोटो हवा होता. चार वर्षे ती जवळजवळ दर रविवारी सोबत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. एकेक फोल्डर उघडत गेलो. स्वच्छ काठ, स्वच्छ पाणी. ती कुठेच नव्हती. मग लक्षात आले की तिला फोटोंतून मीच पुसले होते, प्रत्येक वेळी, नीट वेळ देऊन. बाहेर मुलगी फोटो मागत होती आणि मला खोलीबाहेर जाता येईना.

सर भेटायला आले तेव्हा मी त्यांना हे सांगितले. ते लगेच उठले. एसटीने दौंडला परत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क घेऊन पुन्हा आले. या वयात.

माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये सगळे होते. एका सकाळचे, एकाच जागेवरून काढलेले चार फोटो सरांनी ओळीने लावले. पहिल्यात सुनंदा मधोमध बसली होती, शेजारी थर्मास. दुसऱ्यात ती बाभळीपाशी गेलेली. तिसऱ्यात अगदी कडेला. चौथ्यात फक्त पदर. ही सारखी मध्ये येते, असे मी चार वर्षे धरून चाललो होतो. ती दर वेळी माझ्या हाताची खूण बघून बाजूला होत होती.

"सर, ही सरकत होती," मी म्हणालो.

"दिसतंय मला," सर म्हणाले.

पहिल्या फोटोत तिचा चेहरा काळा पडला होता, कारण मी आभाळ सांभाळले होते. सरांनी दोन तास बसून तेवढ्याच भागातली सावली थोडी थोडी उजळली. चेहरा दिसू लागला, पण फोटोत त्यावर वाळूसारखे बारीक दाणे आले. मी ते पुसायला सांगितले.

"नको. लई पुसलं की चेहरा मेणाचा दिसतो," ते म्हणाले. "ताई त्या दिवशी हितं बसल्या व्हत्या. तेवढं खरं दिसू द्या."

तोच फोटो आमच्या भिंतीवर आहे. उन्हामुळे तिने डोळे बारीक केले आहेत.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. अशी वाक्ये मी आजवर अनेकांना सवयीने लिहून दिली. आता लिहिताना हात थांबतो. माणूस एवढ्या लवकर जातो हे मला अजून खरे वाटत नाही. त्या सकाळी सुनंदा "पित्त झालंय, जरा पडते" म्हणाली आणि मी कामावर गेलो. म्हणून सर, एवढे ऐका. छातीत जरा जरी जड वाटले तरी पडून राहू नका. शिरूरहून यायला मला वेळ लागेल, तेव्हा आधी शेजाऱ्यांना हाक मारा आणि मग मला फोन करा. मी निघतोच.