मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘काढलेलं आहे’

हे माझ्या बायकोला माहीत नाही. ज्यांच्यासोबत एका खोलीत अख्खी नोकरी काढली, त्या माणसांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट सांगता येणार नाही. थकलो आहे, इतकंच. सांभाळून सांभाळून थकलो.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात मी मेडिकल रेकॉर्डला होतो. पेशंट घरी गेला की त्याची फाईल आमच्या टेबलावर यायची. ती वाचायची, आजाराला एक आकडा द्यायचा, ऑपरेशनला एक आकडा द्यायचा, ते पेशंटच्या कार्डावर चढवायचे आणि फाईल खाली गोदामात. आकड्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. दुर्बीण घालून नुसतं आत पाहिलं तर एक आकडा, पाहता पाहता तपासणीसाठी तुकडा काढला तर दुसरा. गळू फोडून पू काढला तर वेगळा, गळूच कापून काढलं तर वेगळा. बाहेरच्याला वाटतं, कारकुनी आहे. पण चार वर्षांनी तोच पेशंट परत आला, तर डॉक्टर आधी ते कार्ड विचारतो. याच्या पोटात मागे काय केलं होतं? — त्याचं उत्तर माझ्या अक्षरात असायचं.

अल्लीपूरच्या आमच्या घरात मी पहिला ग्रॅज्युएट. बाबा बाजाराच्या दिवशी हळद-मिरची विकायचे, सहीच्या जागी अंगठा लावायचे. माझ्या डिग्रीची फ्रेम त्यांनी देवांच्या फोटोंच्या ओळीत टांगली होती. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे — लपवत नाही. घरी मी ‘मले-तुले’ बोलायचो आणि दवाखान्याचं फाटक ओलांडलं की ‘मला-तुला’. कोणी शिकवलं नव्हतं. जीभ आपोआप बदलायची.

मला हे काम शिकवलं ते आमच्या सेक्शनमधल्या जुन्या खोब्रागडे सरांनी. पुस्तक उघडायच्या आधी ते म्हणाले, “जे कराचं ठरलं होतं ते लिहाचं नाई. जे झालं, ते लिहाचं. त्यासाठी सर्जनच्या हातची नोट वाच. नाई समजली तर फाईल घे, वॉर्डात जाऊन इचारून येजो. लाजू नको, बाबू.”

एकदा गेलो होतो. नोटमधला एक शब्द लागत नव्हता. सर्जननं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. “बी.कॉम. ना हो तुम्ही? मग नफा-तोटा वाचा, पोट कशाला वाचता?” शेजारची दोन शिकाऊ पोरं फिसकन हसली. गंमतच केली होती त्यांनी, दुसरं काही नाही. पण मी परत कधी वॉर्डात गेलो नाही.

त्यापेक्षा सोपा रस्ता होता. ऑपरेशन थिएटरची यादी रोज सकाळी टाईप होऊन यायची. आज कोणाचं काय करायचं ठरलंय — स्वच्छ, सरळ, प्रत्येक अक्षर लागणारं. मी नोट सोडून यादीवरून आकडे द्यायला लागलो. बहुतेक वेळा ठरलेलं तेच व्हायचं, मग बिघडतं कुठे? महिन्याचा गठ्ठा दहा तारखेच्या आत संपवायचा असे, आणि माझा सगळ्यांत आधी संपायचा. मोठे साहेब इतरांना म्हणायचे, “यांच्याकडून शिका जरा.”

त्यातच सुनंदाची फाईल आली. हिंगणीची बाई, तिशीच्या आतली. यादीत अपेंडिक्स काढायचं ठरलेलं. मी अपेंडिक्स काढल्याचा आकडा दिला, कार्डावर चढवला, फाईल खाली पाठवली. दोन मिनिटांचं काम. तिचं नावही माझ्या लक्षात राहिलं नसतं.

चूक एवढीच असती तर मी आज बोललो नसतो. चूक कोणाचीही होते — असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण मी जे सांगायला बसलोय ते त्यानंतरचं आहे, आणि ते चूक नाही.

तीनेक वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका सकाळी तिचा नवरा, देवराव, शिकाऊ डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आमच्या खिडकीशी आला. बायको पोट दुखतं म्हणून भरती झाली होती, डॉक्टरांना जुन्या ऑपरेशनची माहिती हवी होती. मी कार्ड काढलं, चिठ्ठीच्या मागे लिहिलं — अपेंडिक्स पूर्वीच काढलेलं आहे — आणि खाली सही केली. माझी सही वळणदार आहे.

“काय लिवलं, साहेब?”

मी सांगितलं.

“नाई ना, साहेब. नाई काढलं. डॉक्टरबाईनं मले समोर उभं करून सांगतलं होतं — आतमंदी पू झाला, तेवढाच काढला. अपेंडिस तसंच हाये म्हणे, दीड महिन्यानं घेऊन येजो, मंग काढू. हिचं दुखणं थांबलं, आमी आलोच नाई. चुकलंच आमचं. पण काढलं नाई जी ते.”

“कार्डावर लिहिलेलं आहे.”

“कार्डाले काय मालूम, साहेब? मी होतो ना तेथी.”

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मला राग आला — मी काय सांगतोय आणि हा काय बोलतोय! — पण मनात एक बारीकसं काहीतरी हललं. यादीवरून उतरवलं असेल का आपण? त्याला थांबायला सांगून मी गोदामात गेलो. फाईल मिळायला वेळ लागला नाही. माझ्या फायली नीट लावलेल्या असायच्या. पाचव्या पानावर नोट होती. त्या डॉक्टरबाईंचं अक्षर तर चांगलं होतं हो, कोणालाही वाचता आलं असतं. पू काढला. सूज फार. अपेंडिक्स काढले नाही. सहा आठवड्यांनी बोलावले आहे.

तो शब्दाला शब्द बरोबर सांगत होता.

काय करायचं होतं मला? जिना चढायचा, चिठ्ठी परत घ्यायची, एक ओळ खोडून दुसरी लिहायची. ‘माझं चुकलं’ म्हणायचं, एका अडाणी माणसासमोर, रांगेतल्या लोकांसमोर. पुढच्याच महिन्यात मला सेक्शनचा इनचार्ज करणार होते. एक कार्ड चुकलं म्हटल्यावर बाकीची तपासली असती. आणि बाकीची — तुम्हाला कळलंच असेल.

फाईल मी जागेवर ठेवली. वर येऊन म्हणालो, “फाईल सापडत नाही, जुनी आहे. कार्ड आहे, तेच खरं.” तो पुन्हा बोलायला लागला तसा मी आवाज चढवला. माझ्या चांगल्या, शुद्ध मराठीत. “तुम्ही डॉक्टर आहात का? शाळेत किती शिकलात? लिहिलेलं खोटं आणि तुम्ही खरे?”

त्याच्या पायात रबरी चपला होत्या, बाबांच्या असायच्या तशा. पाहूनही मी थांबलो नाही. त्यानं चिठ्ठीची दोन्ही टोकं धरून ती उचलली आणि गेला.

वरही त्यानं डॉक्टरला तेच सांगितलं, हे मला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाला, रेकॉर्डवाल्यांनी सही करून दिलंय. अपेंडिक्स नाहीच म्हटल्यावर त्यांनी मूतखड्याचं दुखणं धरून दोन दिवस सलाईन चालवलं. त्या दोन दिवसांत मी दोनदा डबा खाल्ला, दोनदा घरी गेलो, दोनदा परत आलो. वॉर्ड आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर होता. तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स पोटात फुटलं. ऑपरेशन केलं. सहाव्या दिवशी सुनंदा गेली.

फाईल नेहमीप्रमाणे माझ्या टेबलावर आली. या वेळी मी नोट वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आकडा बरोबर दिला. मग जुनं कार्ड काढून फाडलं, नवं लिहिलं — आधीच्या ऑपरेशनपुढे पू काढल्याचा आकडा घातला. आता कागदावर सगळं बरोबर होतं. कोणी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मी इनचार्ज झालो.

त्यानंतर नवीन मुलांना मी शिकवत असे: यादीवर जाऊ नका, नोट वाचा, अडलं तर वॉर्डात जाऊन विचारा. माझ्या हाताखालून गेलेली मुलं भेटली की अजून म्हणतात, सर फार कडक, नोट वाचल्याशिवाय आकडा टाकू द्यायचे नाहीत. ते कौतुकानं सांगतात, आणि मी ते ऐकून घेतो.

आणखी एक राहिलं. तेही सांगून टाकतो.

तेरवी झाल्यावर देवराव मृत्यूचा दाखला घ्यायला आला होता. दाखले आमच्याच खिडकीवर मिळायचे. डोकं भादरलेलं, हातात कापडी पिशवी. ऑपरेशनमध्ये काय सापडलं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आतडं सडलं होतं, एवढंच सांगितलं होतं. मी दाखला दिला. तो घडी करून पिशवीत ठेवताना म्हणाला, “साहेब, त्या दिवशी मी तुमच्यासंग लय हुज्जत घातली. रांगेत, सगळ्यांसमोर. मलेच नीट समजलं नसन तवा. आमी अडाणी मानसं. राग नका धरजा.”

त्याच्या-माझ्यात फक्त ती खिडकी होती. मी म्हणालो, “असू द्या. होतं असं.”

त्यानं हात जोडले. मीही जोडले.