ओ आल्याशिवाय

या, सरका जरा पुढं. दारात काय पाहुण्यासारखं बसायचं? बटण दाबलं, दिवा लागला, की झालं तुमचं. तो आपल्या डोंगरात कुणी आणला, विचारलंत कधी? बसा आता, सांगते.

खांबावर तारा ओढणारा एक गडी होता. दोन्ही हात तोंडाशी नेऊन तो हाळी घालायचा, "आऽऽ हो! बंद हाय का?" खालून, वीज चालू-बंद करायच्या खटक्यापाशी बसलेल्या जोडीदाराची ओ आली तरच खांबावर चढायचा. वेल्ह्याकडं वीज येत होती तेव्हाची गोष्ट. माझी चहाची टपरी विजेच्या गोदामासमोरच, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलेलं.

तो कामाला आला तेव्हा साहेबांनी विचारलं, "आधी काय करत होतास?"

"भाटघरच्या पाण्यावर होडी. त्याच्या आदी बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकल्या. त्याच्या बी आदी तोरण्याच्या कड्याला मोहळं काढली."

"आणि विजेचं काम?"

"तीच हितं आली न्हवती, तर करू कुठं?"

साहेब हसले. रोजंदारीवर घेतलं. काम बघून कायम करू म्हणाले.

कड्याला लोंबकळलेला माणूस खांबाला काय भिणार! कमरेला दोर असा बांधायचा की दोन्ही हात मोकळे. लाथ मारण्याआधी बैलाचं कातडं थरथरतं म्हणे. ते बघायची सवय, म्हणून कशालाही हात लावण्याआधी हा क्षणभर नुसता बघत उभा. आणि हाळी होडीवरची. धुक्यात काठ दिसत नाही, पलीकडून ओ आली की मगच होडी सोडायची.

जोडीदार चेष्टा करायचा, "अवो नावाडी, हितं पानी कुठं दिसतंय तुमास्नी?"

"तारंतली वीज दिसती का तुला? मग ओ दे गुमान!"

आणि मग हा नावाडी माझ्याच टपरीत बसून माझ्याच भज्यांना नावं ठेवत भजी हादडायचा.

एकदा ओ आली नाही, म्हणून हा चढलाच नाही. जाऊन बघतो तर खटक्यापाशी कुणी नाही. जोडीदार माझ्याकडं चहा पीत बसलेला, आणि तारेत वीज तशीच. त्या दिवसापासून त्याची चेष्टा बंद झाली.

पुढं नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, आधीच सांगते. लाईन वर डोंगरात सरकली होती, वाऱ्यात हाळी पोचेना. त्यांनी घड्याळ लावून दिलं. अमुक वेळेला बंद, अमुक वेळेला चालू. ओरडाआरडा नको म्हणाले.

मी नावाड्याला विचारलं, "आणि तुमची हाळी?"

"आता कायम करत्यात आक्का. नावाडीपना सोडा म्हनले. सोडला."

त्या दिवशी भज्यांना नावं ठेवली नाहीत त्यानं. मला ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तो वर चढला. त्याच्या हाताला घड्याळ नव्हतं. खांबावरचा, तार धरून ठेवणारा चिनीमातीचा कप फुटलेला निघाला, काम लांबलं. खाली वेळ झाली. जोडीदारानं घड्याळ पाहिलं, आणि खटका वर केला. घड्याळ अगदी बरोबर होतं हो.

त्यानं बांधलेला दोर काही सुटला नाही. हा तसाच त्याला लोंबत राहिला. खाली उतरवायला माणसं चढली, पण ती गाठ कुणालाच सुटेना. शेवटी दोर कापला.

जोडीदार कितीतरी दिवस टपरीत येऊन नुसता बसायचा. चहा गार व्हायचा. पुढं तो कायम झाला, पण खांबाखाली उभा राहिला की दोन्ही हात तोंडाशी न्यायचा. खटक्यापाशी निरोप्या धाडायचा, हाळी पुढं द्यायला वाटेत माणसं उभी करायचा, पण ओ आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. नव्या साहेबांनी त्याला एकदाही अडवलं नाही.

दिवा लावा आता, अंधारलं. आणि पुन्हा या, फार दिवस लावू नका. मला दिसत नाही पूर्वीसारखं, पण ऐकू येतं अजून. पायऱ्यांखालूनच हाळी घाला. मी ओ देते का बघा, आणि मगच वर या.